धोका कोणाच्या नावावर लिहिला जातो?

ओव्यातील आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर बायका थोडा वेळ बसतात. कोणाचे रेशनकार्ड, कोणाच्या मुलाचा प्रवेश, कोणाचा जातीचा दाखला, असे विषय निघतात. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी सगळ्या उठल्या तरी एक आई बसून राहिली. तिच्या शेजारच्या खोलीतला माणूस परत आला होता. काही वर्षांपूर्वी एका मुलीवर हात टाकल्याच्या गुन्ह्यात त्याला अटक झाली होती. खटला चालण्याइतकी त्याची मानसिक अवस्था ठीक नाही, असे न्यायालयाला आढळले. मग कारागृह, मग मनोरुग्णालय आणि आता भावाच्या हमीवर घर. या आईला अकरा वर्षांची मुलगी. ती मला म्हणाली, "ताई, तो आता काही करणार नाही ना? डॉक्टरांनी काही लिहून दिलंय का?"

लिहून दिले होते. भावाने कागद दाखवला. आजार सध्या नियंत्रणात आहे, नातेवाइकांच्या ताब्यात देण्यास हरकत नाही. दीड ओळ. त्या माणसाच्या हातून पुन्हा लैंगिक हिंसा होण्याचा संभव किती, कोणत्या परिस्थितीत तो वाढेल, कशाने कमी होईल, याबद्दल एक अक्षर नव्हते. मी समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, दहा वर्षे वस्त्यांमध्ये काम करते आहे, आणि त्या आईला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

त्या दीड ओळीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या चळवळीने वाचायला हवा. कारण धोकादायक माणूस कोण, हे या देशात ज्यांनी ठरवले त्यांनी ते फार वेळा माणूस न बघता जात बघून ठरवले.

आधी कायदा पाहू. इंग्लंडमध्ये १८४३ साली मॅकनॉटन खटल्यानंतर वेडाच्या भरात केलेल्या कृत्याची जबाबदारी कशी ठरवायची याचे नियम तयार झाले. तेच तत्त्व १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ म्हणून आले आणि आज भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये बसले आहे. १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, १९१२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. अशा आरोपीला सोडायचे कधी, याचे उत्तर फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे: कारागृहाचे महानिरीक्षक किंवा मनोरुग्णालयाचे अभ्यागत मंडळ यांनी प्रमाणपत्र द्यावे की या व्यक्तीला सोडल्यास तिच्याकडून स्वतःला किंवा इतर कोणाला इजा होण्याचा धोका नाही. १९७३ च्या संहितेत हे कलम ३३८ होते, २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३७७ झाले. म्हणजे धोक्याचे मूल्यमापन कायद्याने मागितले आहे. ते कसे करावे, कोणी शिकून करावे, काय तपासावे, हे मात्र कलमात नाही. 'त्यांच्या मते' एवढेच आहे.

या 'त्यांच्या मते'ची किंमत कोणी मोजली? आसामच्या तिवा आदिवासी समाजातील मचांग लालुंग यांनी मोजली. १९५१ मध्ये त्यांना अटक झाली, तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले. १९६७ मध्ये ते बरे असल्याचे डॉक्टरांनी कळवले. तरीही त्यांना घरी न पाठवता गुवाहाटीच्या कारागृहात पाठवले आणि ते सुटले २००५ साली. चोपन्न वर्षे. खटला चाललाच नाही. त्यांच्यापासून कोणाला धोका आहे असे कोणीही म्हटले नव्हते. पण धोका नाही असे लिहून स्वतःची सही अडकवायला कोणी तयार नसते. सही न करण्यात अधिकाऱ्याचे काहीच जात नाही, जाते ते आत असलेल्याचे.

याच्या उलट, जिथे राज्याला धोका ठरवायचा होता तिथे त्याने एका सहीत अख्ख्या जमाती धोकादायक ठरवल्या. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला माहीत आहे. जन्माने गुन्हेगार, नोंदवही, हजेरी, पास. पण त्या कायद्याचा दुसरा भाग आपल्या सभांमध्ये फारसा सांगितला जात नाही. तो हिजडा समाजाबद्दल होता. मुले पळवणे, त्यांचे लिंगच्छेदन करणे किंवा कलम ३७७ खालचे गुन्हे करणे याचा ज्यांच्यावर 'संशय' आहे, अशा व्यक्तींची आणि त्यांच्या मालमत्तेची नोंदवही ठेवायची. बाईच्या वेशात सार्वजनिक ठिकाणी दिसले, नाचले, गायले तरी शिक्षा. सिद्ध झालेला गुन्हा नको, संशय पुरे. लैंगिक गुन्हा घडण्याआधीच तो कोण करील याची सरकारी यादी करण्याचा या देशातला हा पहिला मोठा प्रयोग म्हणावा लागेल. ती यादी एका समूहाच्या नावाने झाली, ही त्यातली कळीची गोष्ट.

१९११ च्या सुधारणेनंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरची सेटलमेंट ही त्याचीच खूण, तारेच्या कुंपणाची वसाहत. इथे एक तपशील सांगण्याचा मोह होतो. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे याच गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते, आणि समितीचे एक सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती असे तीन समूह एकत्र मांडले आणि प्रश्न या लोकांच्या स्वभावाला न विचारता त्यांना जन्म देणाऱ्या संस्कृतीला विचारला. धोक्याच्या मूल्यमापनाबद्दल आपण जो विचार करू, त्याची दिशा तिथे आहे.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचे नाव गेले, पोलीस ठाण्याची सवय राहिली. पारध्याच्या पालावर रात्री कोण धाड घालते, हे सांगायला नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणारे कारागृह नियमही रद्द केले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी.

आता महाराष्ट्रात न्यायवैद्यक मनोरुग्ण म्हटले की जे नाव निघते त्याकडे येते: रामन राघव. तो खटला खुनांचा होता, लैंगिक गुन्ह्याचा नव्हता. पण 'वेडा आणि धोकादायक' या प्रतिमेवर त्याचा ठसा इतका मोठा आहे की त्याला वगळता येत नाही. साठच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी ठेचली जात होती. मेलेले बहुतेक गरीब. १९६६ मध्ये पोलिसांनी त्याला पकडले होते, त्याची जुनी फाइल होती, दरोड्याची शिक्षा भोगून झाली होती. पुरावा नाही म्हणून सोडले. ऑगस्ट १९६८ मध्ये पुन्हा पकडले. १९६९ मध्ये फाशी. उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करवली. दीर्घकालीन पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असे निदान झाले. त्याच्या भ्रमांत लैंगिक आशयही भरपूर होता. १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मेला.

या प्रकरणाने समाजाला एक सोय करून दिली. हिंसा करणारा म्हणजे रात्री लोखंडी हत्यार घेऊन फिरणारा एकटा सायको. त्याच्यावर सिनेमे निघाले. पण तीव्र मानसिक आजार असलेली बहुतेक माणसे आयुष्यात कोणावर लैंगिक हिंसा करत नाहीत, आणि लैंगिक हिंसा करणाऱ्या बहुतेकांना भ्रम-भास होत नसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मालक, गावातला माणूस. सायकोची भीती जितकी मोठी, तितका हा ओळखीचा माणूस आरामात लपतो.

आणि ज्याची तपासणी व्हायला हवी त्याची होत नाही, तेव्हा कोणाची होते? २६ मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा ही अल्पवयीन आदिवासी मुलगी, आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. या सगळ्या प्रवासात वैद्यकशास्त्राने तपासले काय? मुलीचे शरीर. तिला शरीरसंबंधांची 'सवय' होती की नाही. आरोपींची वृत्ती, त्यांचा आधीचा इतिहास, पुन्हा असे करण्याची शक्यता, यावर एकही कागद नाही. चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. दोन बोटांची चाचणी मात्र २०१३ मध्ये न्यायालयाने चुकीची ठरवूनही चालत राहिली, इतकी की २०२२ मध्ये पुन्हा सांगावे लागले. आपल्याकडे न्यायवैद्यक शास्त्राने धोका पुरुषाच्या मनात शोधण्याऐवजी बाईच्या अंगात शोधला.

परदेशात याबाबत काय झाले तेही पाहू, कारण तिथल्या मोजपट्ट्या आज ना उद्या आपल्या कारागृहांत येणार आहेत. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅक्सस्ट्रॉम खटल्यात निकाल दिला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या 'गुन्हेगार वेड्यांच्या' इस्पितळांतून ९६७ रुग्णांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. डॉक्टरांनी हे सगळे धोकादायक म्हणून ठेवले होते. संशोधकांनी त्यांचा चार वर्षे माग काढला, तेव्हा फारच थोड्यांना परत त्या कडेकोट इस्पितळांत न्यावे लागल्याचे दिसले. डॉक्टरांचा अंदाज म्हणजे बऱ्याचदा डॉक्टरांची भीती असते, हे उघड झाले.

म्हणून मग मोजपट्ट्या आल्या. १९९७ मध्ये कॅनडात एसव्हीआर-२० आली, १९९९ मध्ये स्टॅटिक-९९. दोन्हींचा स्वभाव वेगळा. स्टॅटिक-९९ मध्ये दहा गोष्टींना गुण देतात: वय, जोडीदारासोबत किमान दोन वर्षे राहिला का, आधीचे लैंगिक गुन्हे, आधीच्या शिक्षा, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, नात्याबाहेरची होती का, वगैरे. बेरीज केली की धोक्याचा गट ठरतो. एसव्हीआर-२० मध्ये बेरीज नाही. वीस मुद्दे तपासून डॉक्टरने कारणांसह मत द्यायचे: मानसिक आजार, व्यसन, लहानपणी झालेला अत्याचार, नोकरीतल्या अडचणी, गुन्ह्यांची तीव्रता वाढत गेली का, लैंगिक हिंसेचे समर्थन करणारी वृत्ती आहे का, पुढच्या आयुष्याची वास्तव योजना आहे का. कोणत्या परिस्थितीत धोका वाढेल आणि कशाने कमी होईल, हा या पद्धतीचा खरा प्रश्न. ओव्यातल्या आईने विचारला होता तोच.

आता ही मोजपट्टी जातीच्या समाजात ठेवून बघा. 'आधीचे गुन्हे' म्हणजे काय? प्रत्यक्षात केलेले गुन्हे नव्हेत, तर नोंदले गेलेले आणि सिद्ध झालेले गुन्हे. देशातल्या कारागृहांत दर पाच कैद्यांत साधारण एक अनुसूचित जातीचा, लोकसंख्येतला वाटा मात्र १६.६ टक्के. पारध्याच्या पोराच्या नावावर पंचविशीपर्यंत चार गुन्हे लागतात, कारण तालुक्यात चोरी झाली की पोलीस आधी पालावर येतात. 'नोकरीतल्या अडचणी' हा मुद्दा घ्या. खारघरच्या नाक्यावर रोज सकाळी काम शोधायला उभा राहणारा माणूस यात कायमचा दोषी.

आणि दुसऱ्या टोकाला खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही आणि लैंगिक अत्याचाराचे कलमही टिकले नाही. न्यायालयाच्या लेखी ते सूडाचे खून. म्हणजे उद्या कोणी या दोषींचा लैंगिक हिंसेचा धोका मोजायला बसले तर मोजायलाच काही नाही. लैंगिक गुन्ह्याची नोंद नाही. बायका-मुले असलेले, शेती असलेले, गावात प्रतिष्ठा असलेले लोक. मानसिक आजार नाही. पट्टी म्हणेल, धोका कमी. खैरलांजीवर पुस्तक लिहिणारे आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या ताब्यात गेले आणि आमच्या ओव्याच्या शेजारी तळोजा कारागृहात अडीच वर्षे राहिले. राज्याच्या लेखी धोका कोणाला म्हणतात, ते यावरून समजून घ्या.

हा प्रश्न कॅनडात न्यायालयापर्यंत गेला. जेफ्री यूअर्ट हा मेटी या मूलनिवासी समाजातला कैदी, गंभीर गुन्ह्यांसाठी जन्मठेप भोगणारा. त्याचे म्हणणे असे की माझ्यावर ज्या पाच मोजपट्ट्या वापरता, त्यात स्टॅटिक-९९ सुद्धा आहे, त्या मूलनिवासी कैद्यांसाठी बरोबर चालतात का, हे तुम्ही कधी तपासले? जून २०१८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की कारागृह खात्याने हे तपासायला हवे होते, न तपासून कायदा मोडला. मोजपट्ट्या खोट्या आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही. त्या या माणसांसाठी खऱ्या आहेत का हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्यावर टाकली. आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली, चार लाखांहून अधिक नावांची. १८७१ ची नोंदवही समूहाची होती, ही सिद्ध गुन्ह्यांची आहे, हा फरक मोठा आहे आणि तो मी मान्य करते. पण कोणाचा गुन्हा सिद्ध होतो आणि कोणाचा होत नाही, हा प्रश्न तसाच उरतो.

मग मोजपट्टी नकोच, असे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही, आणि इथे मला आपल्या लोकांशी भांडायचे आहे. मूल्यमापन नसेल तेव्हा काय होते, ते मचांग लालुंग यांनी भोगले, आणि ओव्यातली ती आई भोगते आहे. सुटून येणारा माणूस लोढा-हिरानंदानीत परत जात नाही. तो आपल्या वस्तीत येतो. रामन राघवने मारलेली माणसे फुटपाथवरचीच होती. आपल्यातला माणूस अडकला की 'त्याला जातीमुळे गोवले' एवढे म्हणून आपण थांबतो. कधी ते खरे असते, कधी नसते. त्याने जिच्यावर हात टाकला ती मुलगीही बहुधा आपलीच असते. तिच्या आईला आपण जातीचे विश्लेषण देऊन घरी पाठवायचे का?

कायद्याने एक हत्यार आपल्या हातात दिले आहे. बच्चन सिंग खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फाशी देताना आरोपी समाजाला सततचा धोका राहील का आणि तो सुधारू शकतो का हे पाहावे, आणि तो सुधारणार नाही हे राज्याने पुराव्याने सिद्ध करावे. पुराव्याने. चाळीस वर्षे बहुतेक खटल्यांत हा पुरावा कोणी मागितला नाही. २०२२ च्या मनोज खटल्यात न्यायालयाला सांगावे लागले की मानसशास्त्रीय अहवाल खटल्याच्या टप्प्यावरच मागवा. मधल्या काळात, २०१९ मध्ये, महाराष्ट्रातलेच एक प्रकरण आले. दोन लहान मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून, १९९९ मधला. शिक्षेनंतर आरोपीला तीव्र मानसिक आजार असल्याचे दिसले. न्यायालयाने त्याचे नाव निकालात गुप्त ठेवले, फाशी रद्द केली, मरेपर्यंत कारावास दिला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे त्याला उपचार द्या असे सरकारला सांगितले. मला तो निकाल योग्य वाटतो. पण तोही टोकाचे प्रकरण होता. फाशी आणि आजन्म कैद यांच्या मध्ये हजारो माणसे आहेत, दीड ओळीचा कागद घेऊन येणारी आणि जाणारी. २०१७ च्या कायद्याचे कलम १०३ म्हणते की प्रत्येक राज्यात निदान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावे. माहितीचा अधिकार वापरायचा असेल तर इथे वापरा. किती मनोविकारतज्ज्ञ, किती कैदी, सोडताना काय लिहितात, आणि जे लिहितात ते कोणत्या पद्धतीने.

ओव्यात आम्ही काय केले ते सांगते. भावाला घेऊन बाह्यरुग्ण विभागात गेलो. डॉक्टरांना म्हटले, धोका आहे की नाही हे एका शब्दात नको, कशाने वाढेल ते लिहा. ते म्हणाले, असा फॉर्म नाही. खूप वेळ बसल्यावर त्यांनी केसपेपरच्या मागे हाताने लिहिले: औषध चुकले, दारू सुरू झाली, रात्रीची झोप गेली तर ताबडतोब आणा, लहान मुलांसोबत एकटे ठेवू नका. चार गोष्टी. मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगते, पण दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून आवश्यक तेवढी सांगण्याची मुभाही देते. त्या माणसाला विचारून, भावाच्या समोर, आम्ही त्या आईला त्या चार गोष्टी सांगितल्या. आजाराचे नाव सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

भाऊ दर महिन्याला औषधांची रिकामी पाकिटे विहारात आणून दाखवतो. मागच्या महिन्यात आला नाही, म्हणून ती आई आणि मी संध्याकाळी त्याच्या दारात गेलो. रोजंदारी बुडेल म्हणून तो इस्पितळात गेलाच नव्हता, गोळ्या संपून चार दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही चौघे निघालो.